नेटिव्ह कोडमधून ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती वाचणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेल्या कोडमधून विंडोज, लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइडला त्यांची आवृत्ती, प्रोसेसर, मेमरी वगैरे विचारणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढची अर्धीअधिक उत्तरे तिच्यातूनच निघतात: ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. विचारणारा प्रोग्रॅम किती जुना आहे, कशासाठी बिल्ड केलेला आहे, कुठल्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या कप्प्यात) किंवा इम्युलेटरखाली चालला आहे, हे बघून ती उत्तर देते. "फंक्शन चुकीचे सांगते" अशी तक्रार येते तेव्हा फंक्शन बहुतेक वेळा बरोबर असते. आपण विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

विंडोज ११ वर गेटव्हर्जनएक्स ६.२ का सांगते?

गेटव्हर्जनएक्स हे विंडोजची आवृत्ती सांगणारे फंक्शन, आणि ६.२ म्हणजे विंडोज ८. विंडोज ८.१ पासून मायक्रोसॉफ्टने हे फंक्शन मॅनिफेस्टशी, म्हणजे प्रोग्रॅमसोबत जोडलेल्या माहितीच्या एक्सएमएलशी, बांधले. तुमच्या ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये "सपोर्टेडओएस" या घटकाखाली विंडोज १० चा जीयूआयडी (ठरलेला ओळख-क्रमांक) नसेल, तर हा प्रोग्रॅम नव्या विंडोजसाठी तपासलेला नाही असे सिस्टिम धरून चालते आणि ६.२ वर थांबते. ८.१ चाच जीयूआयडी असेल तर ६.३ मिळते. विंडोज ११ साठी वेगळा जीयूआयडी नाही, १० चाच चालतो.

हा खोटेपणा हौसेने आलेला नाही. आवृत्ती तपासणारा कोड लोक वर्षानुवर्षे चुकीचा लिहीत आले. मेजर क्रमांक मोठा आहे की नाही हे न बघता मेजर आणि मायनर वेगवेगळे तपासायचे, म्हणजे "मेजर किमान ५ आणि मायनर किमान १" असे. ही अट ५.१ ला बरोबर चालते आणि ६.० ला नापास होते. विंडोज ९५ ने तर १६ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमना स्वतःची आवृत्ती ४.० ऐवजी ३.९५ सांगितली होती, तीही असल्याच कोडमुळे.

लक्षात ठेवण्यासारखे दोन मुद्दे. डीएलएलच्या मॅनिफेस्टमध्ये जीयूआयडी टाकून उपयोग नाही, तो प्रोसेस सुरू करणाऱ्या ईएक्सईमध्येच लागतो. त्यामुळे प्लगइन लिहिणाऱ्याला यजमान प्रोग्रॅमचे मॅनिफेस्ट जे असेल तेच पदरात पडते. आणि "इजविंडोज१०ऑरग्रेटर" सारखी मदतनीस फंक्शन्स वापरल्याने सुटका होत नाही. तीही मॅनिफेस्टवरच अवलंबून असतात.

मग मॅनिफेस्ट न बदलता खरी आवृत्ती कशी मिळवायची?

एनटीडीएलएल या विंडोजच्या मूळ डीएलएलमधले आरटीएलगेटव्हर्जन वापरावे. एनटीडीएलएल प्रत्येक प्रोसेसमध्ये आधीच लोड झालेली असते, म्हणून लोडलायब्ररीची गरज नाही. गेटमॉड्यूलहँडलने तिचा हँडल घ्यायचा, गेटप्रॉकअ‍ॅड्रेसने फंक्शनचा पॉइंटर काढायचा, स्ट्रक्चर शून्याने भरायचे, त्यातला पहिला आकाराचा घटक भरायचा आणि कॉल करायचा.

चुका ठरलेल्या तीन जागी होतात. आकाराचा घटक भरायचा राहतो: साधे स्ट्रक्चर २७६ बाइटचे, "ईएक्स" वाले २८४ बाइटचे. साध्याचा आकार देऊन प्रॉडक्ट टाइप वाचायला गेलात तर तो भरलेलाच नसतो. दुसरी चूक परतीच्या किमतीची. हे फंक्शन एनटीस्टेटस परत करते, त्यात ० म्हणजे यश. विन३२ च्या सवयीने "शून्य म्हणजे अपयश" अशी अट लिहिली की बरोबर आलेले उत्तर फेकले जाते. तिसरी चूक ३२ बिटच्या बिल्डमध्येच दिसते. फंक्शन पॉइंटरच्या टाइपवर एसटीडीकॉल (विंडोजच्या फंक्शनांची कॉल करण्याची रीत) लिहायचे राहिले तर कॉलनंतर स्टॅक बिघडतो आणि क्रॅश भलत्याच ओळीवर दिसतो. ६४ बिटवर हाच कोड निमूट चालतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

विंडोज १० आणि ११ वेगळे कसे ओळखायचे? दोन्हीकडे १०.० येते.

बिल्ड क्रमांकावरून. २२००० किंवा जास्त असेल तर विंडोज ११. पण ही अट लावण्याआधी प्रॉडक्ट टाइप बघा: १ म्हणजे वर्कस्टेशन, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे सर्व्हर. विंडोज सर्व्हर २०२५ आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती या दोन्हींचा बिल्ड २६१०० आहे, नुसत्या बिल्डवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. सर्व्हर २०१६ म्हणजे १४३९३, २०१९ म्हणजे १७७६३, २०२२ म्हणजे २०३४८.

रजिस्ट्रीतून नाव वाचले तर काय बिघडते?

विंडोज ११ वर "प्रॉडक्टनेम" मध्ये अजूनही "विंडोज १० प्रो" लिहिलेले असते, एवढे एकच कारण पुरे. त्याच कीखालचे "करंटव्हर्जन" ६.३ वर अडकून पडले आहे आणि "रिलीजआयडी" २००९ वर. कामाच्या गोष्टी तिथे तीन: "करंटबिल्डनंबर", "डिस्प्लेव्हर्जन" (२२एच२, २४एच२ असे दिसणारे) आणि "यूबीआर", म्हणजे बिल्डनंतरच्या बिंदूपुढचा पॅचचा आकडा. यूबीआर ठरावीक एपीआयमधून मिळत नाही, म्हणून रजिस्ट्री टाळायची म्हटले तरी एवढ्यासाठी तिथे जावे लागते. ३२ बिटच्या प्रोसेसमधून की उघडताना ६४ बिटच्या दृश्याचा फ्लॅग द्या (हेक्स ०१००), नाहीतर तुम्हाला वाओ६४ ची (६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या थराची) वेगळी प्रत दाखवली जाते.

मशीन ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे कसे कळेल?

हा एक प्रश्न नाही. माझा प्रोग्रॅम कशासाठी कंपाइल झाला? ऑपरेटिंग सिस्टिम कशाची आहे? प्रोसेसर कशाचा आहे? मध्ये इम्युलेटर आहे का? पहिल्याचे उत्तर कंपाइल करतानाच ठरते, त्यासाठी पॉइंटरचा आकार किंवा मॅक्रो पुरेसा आहे. बाकीचे चालू मशीनला विचारावे लागते.

विंडोजवर गेटसिस्टिमइन्फो ३२ बिटच्या प्रोसेसला ३२ बिटचेच जग दाखवते. गेटनेटिव्हसिस्टिमइन्फो बरे, पण आर्म६४ मशीनवर इम्युलेशनखाली चाललेल्या एक्स६४ प्रोग्रॅमला तेही एएमडी६४, म्हणजे एक्स६४च, सांगते. तिथे इजवाओ६४प्रोसेस२ वापरावे. ते दोन उत्तरे देते, प्रोसेसचे मशीन आणि खरे मशीन. खरे मशीन आर्म६४ असेल तर हेक्स एए६४ येते, एक्स६४ असेल तर ८६६४. प्रोसेसच्या मशीनबद्दल मात्र गाफील राहू नका: आर्म६४ वरच्या एक्स६४ प्रोसेससाठी तिथे "अननोन", म्हणजे ० येतो, कारण तांत्रिकदृष्ट्या ती वाओ६४ प्रोसेस नाहीच. तेव्हा "० म्हणजे नेटिव्ह" असे न समजता खऱ्या मशीनची तुलना स्वतःच्या कंपाइल-लक्ष्याशी करावी.

मॅकवर "सिसकंट्रोल.प्रॉक_ट्रान्सलेटेड" विचारा. १ म्हणजे रोझेटाखाली (इंटेलचा कोड अनुवादून चालवणाऱ्या थराखाली), ० म्हणजे नेटिव्ह. आणि कॉल फसून एररनंबर ईएनओईएनटी आला तर सिस्टिमला ही गोष्टच माहीत नाही, म्हणजेच नेटिव्ह. लिनक्सवर यूनेम या कॉलचा "मशीन" घटक पर्सनॅलिटीप्रमाणे (प्रोसेसच्या सुसंगततेच्या सेटिंगप्रमाणे) बदलतो. लिनक्स३२ कमांडखाली सुरू केलेल्या प्रोग्रॅमला ६४ बिटचा कर्नलसुद्धा आय६८६ सांगतो.

लिनक्सवर यूनेम पुरेसे नाही का?

यूनेम कर्नलबद्दल सांगते, डिस्ट्रोबद्दल नाही. उबुंटू की फेडोरा हे हवे असेल तर "/ईटीसी/ओएस-रिलीज" वाचा, ती नसेल तर "/यूएसआर/लिब/ओएस-रिलीज". कंटेनरमध्ये या दोन स्रोतांची फारकत होते: यूनेम यजमानाच्या कर्नलची आवृत्ती देते आणि ओएस-रिलीज कंटेनरच्या इमेजची. डेबियनच्या कर्नलवर अल्पाइन दिसले तर बुचकळ्यात पडायचे कारण नाही. फ्लॅटपॅक या बंदिस्त अ‍ॅपच्या पॅकेजमध्ये यजमानाची फाइल "/रन/होस्ट/ओएस-रिलीज" इथे सापडते.

ओएस-रिलीज वाचताना काय सांभाळायचे?

फाइल शेलच्या नेमणुकांसारखी असते. किमती अवतरणात असू शकतात, नसूही शकतात. दुहेरी आणि एकेरी दोन्ही चालतात. बॅकस्लॅशने सुटका केलेली अक्षरे येतात. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी सोडायच्या. निर्णयासाठी "आयडी" आणि "व्हर्जन_आयडी" वापरा. "प्रेटी_नेम" माणसांना दाखवण्यासाठी आहे, त्यात शब्द शोधत बसू नका. ओळखीचा आयडी नसेल तर "आयडी_लाइक" बघा, त्यात रिकाम्या जागेने वेगळे केलेले अनेक शब्द असू शकतात. आर्चसारख्या सतत अद्ययावत होणाऱ्या डिस्ट्रोत व्हर्जन_आयडी नसूही शकते. तेव्हा ती न मिळणे ही चूक समजून प्रोग्रॅम बंद पाडू नये.

कर्नलच्या आवृत्त्यांची तुलना कशी करावी?

शक्यतो करूच नये, पण करायचीच तर अक्षरांची तुलना नको, ६.१० ही ६.९ च्या आधी लागते. "६.८.०-४५-जेनेरिक" अशा मजकुरातून पहिले तीन आकडे वाचा, तिसरा नसला तरी चालवून घ्या, आकड्यांनंतर काहीही येऊ द्या. तिन्ही आकडे एका पूर्णांकात कोंबायचे असतील तर प्रत्येकाला ८ बिट ठेवू नका. कर्नलच्या स्वतःच्या मॅक्रोत तसेच होते आणि २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या मालिकांचे शेवटचे आकडे २५५ च्या पुढे गेले. मॅक्रोतली किंमत २५५ वर रोखून धरावी लागली. तुमच्या कोडमध्ये रोखणारे कोणी नसेल तर ४.४.२५६ सरळ ४.५.० होते.

आवृत्ती तपासावी की सुविधा?

सुविधा. रेड हॅटचा एंटरप्राइझ लिनक्स ८ घ्या. कर्नल ४.१८ म्हणवतो, पण नंतरच्या कर्नलमधले कितीतरी काम त्यात मागे आणून बसवलेले असते. आवृत्तीवरून निर्णय घेतला की असलेली गोष्ट नाही ठरते. उलटही घडते: कर्नल नवा, पण कंटेनरच्या सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणाऱ्या) नियमांनी सिस्टिम कॉल अडवलेला.

योग्य रीत अशी की कॉल करून बघायचा, ईएनओएसवायएस ("असा कॉलच नाही") आला की जुन्या वाटेने जायचे. इथे एक खड्डा आहे. जुन्या कंटेनर साधनांचे सेककॉम्प नियम अनोळखी कॉलला ईएनओएसवायएस न देता ईपीईआरएम देत. "परवानगी नाही" हे खरे उत्तर समजून प्रोग्रॅम थांबतो, पर्यायी वाटेला जातच नाही. फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅटएक्ससारख्या कॉलसाठी ईपीईआरएम आल्यावरही एकदा जुना कॉल करून बघणे शहाणपणाचे. त्यालाही तेच उत्तर आले तर परवानगी खरोखरच नाही.

विंडोजवर हेच काम गेटप्रॉकअ‍ॅड्रेस करते, आणि तिथेही बारकावे निघतात. सेटथ्रेडडिस्क्रिप्शन हे फंक्शन विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीत आले, पण त्या आवृत्तीत ते फक्त कर्नलबेस डीएलएलमधून मिळते. कर्नल३२ मध्ये शोधून "नाही" असा निष्कर्ष काढणारे प्रोग्रॅम सर्व्हर २०१६ वर थ्रेडना नावेच देत नाहीत.

आवृत्ती तपासण्याची एकच रास्त वेळ असते: ठरावीक बिल्डमधला ज्ञात दोष चुकवायचा असतो आणि तो चाचपून बघता येत नाही तेव्हा. अट तेवढ्याच बिल्डांपुरती बंदिस्त ठेवा.

किती थ्रेड सुरू करायचे हे ठरवायला प्रोसेसर कसे मोजू?

लिनक्सवर सिसकॉन्फचा "_एससी_एनप्रोसेसर्स_ओएनएलएन" मशीनवरचे चालू प्रोसेसर सांगतो. तुम्हाला हवे असते ते आपल्या वाट्याला किती. ६४ कोअरच्या सर्व्हरवर दोन कोअरच्या मर्यादेत टाकलेला कंटेनर ६४ थ्रेड उघडतो, सगळे मिळून कोटा चुटकीसरशी संपवतात आणि उरलेला काळ थांबून राहतात. बाहेरून बघणाऱ्याला प्रोग्रॅम "मधूनच अडकतो" असे दिसते.

आधी शेड_गेटअ‍ॅफिनिटी विचारा. प्रोग्रॅमला कोणते प्रोसेसर वापरायची मुभा आहे हे तो कॉल सांगतो. ठरीव सीपीयू-सेट १०२४ बिटचा असतो. त्याहून मोठ्या मशीनवर ईआयएनव्हीएएल येतो, मग सीपीयू_अ‍ॅलॉकने मोठा सेट घेऊन पुन्हा विचारायचे. त्यानंतर सीग्रुपचा, म्हणजे प्रोसेसच्या गटावर मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीचा, कोटा. दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये "सीपीयू.मॅक्स" या फाइलीत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २००००० आणि १०००००, पहिल्याला दुसऱ्याने भागले की २ प्रोसेसर. पहिल्या जागी "मॅक्स" असा शब्द असेल तर मर्यादा नाही. आपला सीग्रुप "/प्रॉक/सेल्फ/सीग्रुप" मधल्या "०::" ने सुरू होणाऱ्या ओळीत मिळतो. मर्यादा वरच्या कुठल्याही पातळीवर लावलेली असू शकते, म्हणून मुळापर्यंत चढत जाऊन सगळ्यांत लहान घ्यायची. रस्टचे अव्हेलेबल_पॅरॅललिझम लिनक्सवर अ‍ॅफिनिटी आणि कोटा दोन्ही बघते. सी++ च्या हार्डवेअर_कन्करन्सीवर कोट्यासाठी विसंबू नका.

विंडोजवर ६४ हून जास्त लॉजिकल प्रोसेसर असले की ते गटांत वाटले जातात आणि गेटसिस्टिमइन्फो चालू गटापुरतेच मोजते. गेटअ‍ॅक्टिव्हप्रोसेसरकाउंटला "सगळे गट" सांगून विचारा.

एकूण आणि मोकळी मेमरी?

विंडोजवर ग्लोबलमेमरीस्टेटसएक्स, पुन्हा लांबीचा घटक आधी भरून. शेवटी "एक्स" नसलेले जुने फंक्शन ४ जीबीच्या वर चुकते. मॅकवर "एचडब्ल्यू.मेमसाइज" ६४ बिटच्या चलात घ्या. लिनक्सवर सिसइन्फो कॉलने आलेले आकडे मेम_युनिटने गुणायचे असतात. बहुतेक मशीनवर ते १ असल्यामुळे गुणाकार विसरला तरी खपून जाते, म्हणून ३२ बिटच्या मोठ्या मशीनवर फटका बसतो. त्यातला "फ्रीरॅम" मोकळ्या मेमरीसाठी वापरू नका, कॅशेत गेलेली पण परत मिळू शकणारी मेमरी त्यात धरलेली नसते. "/प्रॉक/मेमइन्फो" मधला "मेमअव्हेलेबल" घ्यावा, कर्नल ३.१४ पासून आहे. कंटेनरसाठी दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये "मेमरी.मॅक्स" बघा. पहिल्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये मर्यादा नसल्याचे चिन्ह म्हणून ९२२३३७२०३६८५४७७१७१२ असा अगडबंब आकडा येतो, तो खरा धरून बफर मागू नका.

"/प्रॉक" मधल्या फाइलींचा आकार शून्य का येतो?

त्या डिस्कवर नसतात, वाचताना तयार होतात. स्टॅटने आकार विचारून तेवढा बफर घेणारा कोड रिकामा मजकूर आणतो. संपेपर्यंत वाचत राहा. आणि "/प्रॉक/सेल्फ/एक्सई" वर रीडलिंक करताना शेवटी नल बाइट स्वतः ठेवायला विसरू नका, तो कॉल ठेवत नाही.

मॅकओएस १०.१६ म्हणजे कोणते?

अशी आवृत्ती कधी आलीच नाही. जुन्या एसडीकेने (प्रोग्रॅम बांधण्याच्या संचाने) बांधलेल्या प्रोग्रॅमना बिग सर, म्हणजे ११, स्वतःला १०.१६ म्हणवते, कारण पहिला आकडा १० च असतो असे गृहीत धरणारा कोड ढीगभर होता. २०२५ मध्ये १५ नंतर थेट २६ आले तेव्हा हाच खेळ पुन्हा झाला. जुन्या एसडीकेच्या प्रोग्रॅमना तिथे १६ दिसते. एसडीके नवा घेऊन बिल्ड करणे हा सरळ उपाय. सी मधून विचारायचे तर सिसकंट्रोलबायनेमला "कर्न.ओएसप्रॉडक्टव्हर्जन" द्या, बिल्डसाठी "कर्न.ओएसव्हर्जन". "कर्न.ओएसरिलीज" डार्विनचा (मॅकओएसच्या गाभ्याचा) आकडा देते, बिग सरवर तो २० असतो, त्याला मॅकओएसची आवृत्ती समजू नये. कोडमधल्या फांद्यांसाठी क्लँग कंपायलरचे बिल्टइन_अव्हेलेबल सर्वांत कमी त्रासाचे.

अँड्रॉइडवर एनडीकेमधून (नेटिव्ह कोड लिहिण्याच्या संचातून) एपीआय पातळी कशी वाचायची?

अँड्रॉइड_गेट_डिव्हाइस_एपीआय_लेव्हल. ३३ म्हणजे अँड्रॉइड १३, ३४ म्हणजे १४, ३५ म्हणजे १५. "__अँड्रॉइड_एपीआय__" हा मॅक्रो फोनबद्दल काहीच सांगत नाही, तो तुम्ही बिल्ड करताना धरलेली किमान पातळी आहे. इतर गुणधर्मांसाठी सिस्टिम_प्रॉपर्टी_गेट. बफर ९२ बाइटचा लागतो. ६४ बिटच्या फोनवर ३२ बिटचे अ‍ॅप यूनेम विचारते तेव्हा "आर्मव्ही८एल" येते, ते न ओळखून कोसळणाऱ्या लायब्ऱ्या कमी नाहीत.

मराठी भाषा निवडलेल्या फोनवर किंवा संगणकावर काय वेगळे होते?

जावाच्या बाजूला स्ट्रिंग.फॉरमॅटने लोकेल न देता पातळीचा आकडा मजकुरात बदलला आणि तो जेएनआयमधून (जावा आणि नेटिव्ह कोड जोडणाऱ्या दुव्यातून) खाली पाठवला, तर मराठी फोनवर "३४" हे देवनागरी अंकांत येते. मजकुराचा आकडा करणारे सी चे ए-टू-आय त्याचे ० करते आणि नेटिव्ह कोड समजतो की फोन प्राचीन आहे. आकडा पूर्णांक म्हणूनच पाठवा, किंवा लोकेल.रूट द्या. सी च्या साध्या प्रिंटएफमध्ये ही अडचण येत नाही.

विंडोजवर मराठीला एएनएसआय कोडपेजच (युनिकोडआधीचा जुना अक्षरसंच) नाही, ती निव्वळ युनिकोडची भाषा आहे. खात्याचे नाव "सुनीता" असेल तर गेटयूजरनेमचे "ए" (एएनएसआय) रूप प्रश्नचिन्हांची ओळ देते आणि त्यावरून बनवलेला फोल्डरचा पाथ उघडत नाही. "डब्ल्यू" (युनिकोड) रूप वापरा, बफर २५७ अक्षरांचा. विंडोज १० च्या १९०३ पासून मॅनिफेस्टमध्ये अ‍ॅक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ ठेवूनही "ए" रूपे वापरता येतात.

भारतीय वेळेबाबत दोन गोष्टी. गेटटाइमझोनइन्फर्मेशन बायस उणे ३३० मिनिटे देते, अधिक नाही, कारण तो स्थानिक वेळेत मिळवून यूटीसी काढायचा असतो. आणि झोनचे नाव कुठे "एशिया/कोलकाता", कुठे "एशिया/कॅलकटा" असे मिळते. दोन्ही एकच समजा.

मशीन किती वेळ चालू आहे?

विंडोजवर गेटटिककाउंट६४; ६४ नसलेले ४९.७ दिवसांनी शून्यावर येते. लिनक्सवर क्लॉक_बूटटाइम, ज्यात झोपेचा काळ धरलेला असतो. क्लॉक_मोनोटोनिकमध्ये तो नसतो.

बग रिपोर्टसाठी नेमके काय नोंदवावे?

कच्च्या किमती. "विंडोज ११" असा निष्कर्ष लिहिला आणि तो काढणारी अट चुकली असेल तर नोंदीतून काहीच परत मिळत नाही. मेजर, मायनर, बिल्ड, यूबीआर आणि प्रॉडक्ट टाइप लिहिले तर नंतरही उलगडा होतो. लिनक्सवर यूनेमचे रिलीज, व्हर्जन आणि मशीन हे तीन घटक, ओएस-रिलीजमधले आयडी व व्हर्जन_आयडी, ग्नू_गेट_लिबसी_व्हर्जनचे उत्तर (सी लायब्ररीची आवृत्ती), सीग्रुपच्या दोन्ही मर्यादा. सगळीकडे प्रोग्रॅमचे कंपाइल-लक्ष्य आणि खरे मशीन वेगवेगळे.

यूनेमचा नोडनेम वगळा, त्यात अनेकदा माणसाचे नाव असते. "/ईटीसी/मशीन-आयडी" मधली ३२ हेक्स अक्षरे जशीच्या तशी बाहेर पाठवू नका. ती गोपनीय समजावी असे सिस्टिमडीच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. तेच मशीन पुन्हा ओळखायचे असेल तर एसडी_आयडी१२८ च्या फंक्शनांमध्ये तुमच्या अ‍ॅपपुरता वेगळा आयडी बनवून देणारे फंक्शन आहे, ते घ्या.